परक्या पंगतीतला माळकरी

पंढरीची माळ गळ्यात घालून आपल्या गावात राहणे फारसे कठीण नाही. घरात चूल एक, शेजारी माळकरी, एकादशीला निम्मी आळी उपाशी. अशा ठिकाणी नेम आपण पाळतो की गाव आपल्याकडून पाळून घेते, हे कळतही नाही. माळेची खरी परीक्षा परक्याच्या पंगतीत होते. ती गेल्या वर्षी आमची झाली. तीत आम्ही उतरलो की नाही, याचा निकाल वाचक माउलींनीच लावावा, म्हणून घडले ते घडले तसे मांडतो.

आम्ही रिठदचे. रिसोड तालुका, वाशिम जिल्हा. घरची शेती आणि जोडीला धान्याची लहानशी अडत. आमच्याकडे पूर्वी शिवारात ज्वारी आणि कापूस दिसे; आता पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. गंमत अशी की हे पीक आम्ही पेरतो, काढतो, विकतो, पण ताटात क्वचितच घेतो. गिरणीत त्याचे तेल निघते आणि पेंड कोंबड्या-जनावरांच्या खुराकाला जाते. जपान देशात मात्र हेच सोयाबीन माणसाचे रोजचे अन्न आहे. आपल्याकडे जनुक बदललेल्या सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही, आणि तिकडे खाण्यासाठी असाच न बदललेला माल पसंत करतात. तेव्हा नमुने घेऊन जावे, चार व्यापाऱ्यांना दाखवावे, असे ठरले आणि कार्तिकी एकादशी आटोपून आम्ही तिघे ओसाका शहरी गेलो. तिघेही माळकरी. त्यांतल्या वडीलधाऱ्यांना गावात सारे आबा म्हणतात.

निघताना घरच्यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा असे बांधून दिले होते. पण परमुलखात शिदोरी किती दिवस पुरणार? आमचे बोलणे तिकडच्या लोकांना समजावून देण्यास एक मराठी मुलगा सोबत होता; पुण्यात जपानी भाषा शिकून तिकडे नोकरीस लागलेला. त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले, "बाबा, मांस-मच्छी आम्हाला वर्ज्य आहे." त्याने मान डोलावली. उतरलो होतो त्या घरी सकाळच्या ताटात भात, लोणच्यासारखा खारवलेला मुळा, सोयाबीनच्या दुधाचे पनीरासारखे तोफू, मासळीचा एक तुकडा आणि लाकडी वाटीत वाफाळता रस्सा असे. मासळी आम्ही बाजूला सारली. रश्श्याची चौकशी केली तेव्हा कळले की सोयाबीन आंबवून त्याचा लगदा करतात, त्याला मिसो म्हणतात, तो यात कालवतात. आबा खूश झाले. म्हणाले, "आपल्याच वावरातलं हाये, बिनघोर प्या." थंडी कडाक्याची होती. तीन दिवस आम्ही तो रस्सा दोन-दोन वाट्या मागून घेतला.

त्याच ताटात आणखी एक पदार्थ येई, नात्तो नावाचा. तेही आंबवलेले सोयाबीनच, पण दाणे अख्खे, बुळबुळीत, उचलले की तारा सुटणारे, आणि वास असा की नाक मुठीत धरावे. सोबत त्यात घालायची चटणी येई, ती तर आम्ही उघडलीही नाही. एक घास कसाबसा गिळला आणि वाटी लांब सारली. आमच्यातला तिसरा तर म्हणाला, "हे लोक खातात तरी कसे?" ते बोलणे त्या वेळी आम्हाला टोचले नाही.

चौथ्या दिवशी बोलता बोलता त्या मुलाने सहज सांगितले, "काका, रश्श्याचं मूळ पाणी मासळीचं असतं ना. तुकडे नसतात म्हणून मला वाटलं, तुम्हाला चालतंय." मग सारी कृती कळली. बोनिटो नावाची मासळी उकडून, धुरावर वाळवून लाकडासारखी टणक करतात, रंध्यासारख्या पात्यावर तिचे पापुद्रे काढतात आणि गरम पाण्यात त्यांचा अर्क उतरवतात. त्या देशात हे पाणी स्वयंपाकाला आपल्याकडच्या फोडणीसारखे आहे. कोणी फसवले नव्हते. त्या मुलाचा दोष नव्हता, वाढणाऱ्यांचाही नव्हता. आम्ही तोंडाने मांस-मच्छी म्हटले. पाण्याचे विचारायला हवे हे आमच्या ध्यानातच नव्हते.

आम्हाला पोटात ढवळून आले. आबा काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी गळ्यातली माळ काढली, उपरण्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. म्हणाले, "आता पांडुरंगासमोरच घालीन. तोवर मी घालायच्या लायकीचा न्हाई."

त्या रात्री झोप कुणाला लागली नाही. तिसरा सोबती म्हणाला, "तुकडा तर खाल्ला नाही. पाण्याने काय होते?" हा युक्तिवाद सोयीचा होता, पण आमच्या मनाला पटला नाही. महात्मा गांधी १८८८ साली विलायतेस निघाले तेव्हा मांस खाणार नाही असा शब्द त्यांनी आईपुढे दिला होता. तिकडे लोकांनी त्यांना समजावले की अंडे म्हणजे मांस नव्हे. काही दिवस त्यांनी अंडी खाल्लीही. मग त्यांच्या ध्यानात आले की ज्या आईपुढे शब्द दिला, तिच्या मनात मांस म्हणताना अंडेही होतेच. शब्दाचा अर्थ देणाऱ्याच्या सोयीने नव्हे, घेणाऱ्याच्या समजुतीने लावायचा. त्यांनी अंडी सोडली. हाच न्याय आम्हाला लागू. ज्या महाराजांच्या हातून पंढरीत आम्ही माळ घेतली, त्यांना जर विचारले असते की महाराज, तुकडा नको पण पाणी चालेल का, तर त्यांनी काय उत्तर दिले असते ते आम्हाला न विचारताच ठाऊक होते.

पण मग अजाणता घडले त्याचे काय? अजाणता पडलेले पाऊल आणि जाणून टाकलेले पाऊल यांत अंतर आहे. नेम हा मनाने दिलेला शब्द आहे. मनाला जे ठाऊकच नव्हते, त्याने शब्द मोडला असे कसे म्हणावे? तीन दिवसांच्या वाट्या अज्ञानाच्या होत्या. चौथ्या दिवसानंतरचा एक घोटही मात्र मोडणुकीचा झाला असता. म्हणून आबांना आम्ही म्हटले, "माळ काढून ठेवणे सोपे आहे आबा. गळ्यात ठेवून चूक सांगणे अवघड." आबांनी ते ऐकून घेतले, पण माळ घातली नाही. त्यांच्या मनाचा कौल निराळा होता, आणि त्यात आम्ही हात घालावा असा आमचा अधिकार नव्हता.

अंधारात पडल्या पडल्या आणखी एक गोष्ट सुचली, ती आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. जो रस्सा नेमाविरुद्ध होता, तो आमच्या जिभेला तीन दिवस गोड लागला होता. जो नात्तो दाण्या-दाण्याने शाकाहारी होता, त्याने मात्र ओकारी आणली होती. म्हणजे जिभेला आणि नाकाला व्रताचे काही कळत नाही. त्यांना कळते फक्त सवय. आपल्याला एखाद्या अन्नाची किळस वाटते ती धर्मामुळे, असा आपला समज असतो. पुष्कळदा ती केवळ सवयीची असते आणि आपण तिला धर्माचे नाव देतो. आपल्या अंबाडीच्या भाजीचा आंबटपणा नि ठेच्याचा तिखटपणा परक्याला सोसतो थोडाच? तो नाक मुरडील तर आपण त्याला धर्मात्मा म्हणणार नाही, नवखा म्हणू.

पाचव्या दिवशी एका व्यापाऱ्याच्या घरी जेवणाचे आमंत्रण होते. आता कसे करावे? तो मुलगा म्हणाला, "डॉक्टरनं मना केलंय असं सांगतो. इथं कुणी वाईट मानत नाही." क्षणभर आम्हालाही ते बरे वाटले. व्यापाराचा मामला, समोरच्याचे मन राखायला हवे. पण माळेचा नेम सांभाळायला खोटे बोलायचे, तर एक शब्द राखून दुसरा मोडायचा. आम्ही म्हटले, "नको. खरे ते सांग. आम्ही आमच्या देवापुढे शब्द दिला आहे, आणि त्यात मासळीचे पाणीही येते. तुमच्या अन्नात खोट आहे असे आम्ही म्हणत नाही."

वाटले होते, गृहस्थ नाराज होतील. ते कमरेत वाकले आणि म्हणाले की वडिलांच्या स्मृतिदिनी त्यांच्याही घरी मासळी शिजत नाही. आईला हे जेवण चांगले येते. मग त्या जेवणाची माहिती कळली. बौद्ध मठांतून हे जेवण चालत आले. त्यात मांस नाही, मासळी नाही, इतकेच काय, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात आपल्याकडे कित्येक घरी पाळतात, तसेच. मासळीऐवजी समुद्रातल्या शेवाळाचे आणि वाळवलेल्या अळंब्यांचे पाणी घेतात. त्या देशात सन ६७५ मध्ये तेम्मू नावाच्या सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी घातली होती. मासळी तेव्हाही खात, पण जनावरांचे मांस पुढे कित्येक शतके तिकडे निषिद्ध समजत. १८७२ साली तिथल्या बादशहाने ते खाल्ल्याचे जाहीर झाले तेव्हा लोकांची भीड चेपली. दोगेन नावाच्या साधूने १२३७ साली मठातल्या स्वयंपाक्यासाठी एक ग्रंथच लिहिला, आणि हलकी भाजी असो की उंची, दोन्ही सारख्याच आदराने हाताळा अशी त्याची शिकवण आहे. आपली ज्ञानेश्वरी १२९० ची; म्हणजे हे तिच्या सुमारे पन्नास वर्षे आधीचे. ज्या लोकांविषयी आमचा सोबती "हे खातात तरी कसे" म्हणाला होता, त्यांच्याकडे अन्नाचा इतका विचार होऊन गेलेला होता.

व्यापाऱ्याची आई ऐंशीच्या घरातली. तिने भात, तोफू, शिजवलेला लाल भोपळा आणि शेवाळाच्या पाण्याचा रस्सा असे रांधले. सगळ्यांनी हात जोडले, एक शब्द म्हटला. त्याचा अर्थ, हे मी नम्रपणे स्वीकारतो. आम्ही मनातल्या मनात पांडुरंगाचे नाव घेतले. आम्ही पाहिले, म्हातारीच्या ताटातही तेच, मुलाच्या ताटातही तेच. आमच्यासाठी वेगळे आणि त्यांच्यासाठी वेगळे, असे काही नव्हते.

जेवता जेवता आमच्या तिसऱ्या सोबत्याने त्या दोन काड्या भातात उभ्या खोवून ठेवल्या. म्हातारीने हात पुढे केला, काड्या अलगद काढल्या आणि आडव्या ठेवल्या. तोंडावर काही दाखवले नाही. बाहेर पडल्यावर मुलाने सांगितले, भातात काड्या उभ्या खोवतात ते मृताच्या पुढे ठेवलेल्या भातात. ऐकून आम्ही खजील झालो. आपल्या घरी लग्नाच्या पंगतीत कुणी परदेशी पाहुण्याने अजाणता दहाव्याच्या पिंडासारखे काही केले असते तर? आपण ओरडलो असतो. चार जण धावून आले असते. त्या माउलीने नुसता हात पुढे केला.

व्यापाराचे म्हणाल तर नमुने ठेवून घेतले आहेत. दाण्याच्या आकारावर त्यांची बारीक नजर असते. भाव अजून ठरलेला नाही. असो.

घरी आल्यावर हे सारे आईला सांगितले. तिचे वय झाले आहे, पायी वारी आता होत नाही. मासळीच्या पाण्याचे ऐकून ती गप्प राहिली, म्हणाली, "ठाऊक नोतं ना तुले? मंग झालं." म्हातारीची गोष्ट मात्र तिने पुन्हा सांगायला लावली. "तिनं तुमच्यासाठी रांधलं? अन् सोताबी तेच खाल्लं?" हो म्हटले. मग थोडे थांबून म्हणाली, "आपल्या दुकानातला तो पेला अजून कोनाड्यातच हाये का रे?"

वाचकहो, आता जे सांगायचे ते सांगताना लेखणी अडते. आमच्या अडतीवर हंगामात हमाल येतात. चहा सगळ्यांना मिळतो. पण त्यांतल्या काहींसाठी एक पेला वडिलांच्या वेळेपासून वेगळा, कोनाड्यात उपडा ठेवलेला. त्यांनी प्यावे, त्यांनीच धुवावे आणि तिथेच ठेवावे. कुणी विचारले तर आमचे उत्तर तयार असे: आम्ही माळकरी, ते खाणारे-पिणारे. आईच्या प्रश्नाने पहिल्यांदा ध्यानात आले की ते काय खातात हे आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते. त्यांच्यात दोघे माळकरी आहेत, हे तर नंतर कळले. आणि दुकानावर येणारा बडा व्यापारी, जो सारे काही खातो असे साऱ्या बाजाराला ठाऊक, त्याला चहा आम्ही चांगल्या कपबशीत देत होतो. तेव्हा तो पेला कोनाड्यात ठेवला होता तो अन्नामुळे नव्हे. तो जातीमुळे होता, आणि माळेच्या आड दडवला होता.

ही आमच्या एकट्याची गोष्ट नाही. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि मंडळींना चहा दिला गेला. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी ही बातमी वर्तमानपत्रात फोडली आणि गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. तो चहा होता. त्यात मांस नव्हते. अपराध ठरला तो कुणाच्या घरी घेतला याचा. आणि ज्यांनी बातमी फोडली त्या गोपाळरावांच्या पत्नी म्हणजे आनंदीबाई. १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेत वैद्यकी शिकायला गेल्या, परक्यांच्या घरी राहिल्या, आणि तरी आपला आहार व लुगडे यांना धरून राहिल्या. परक्याच्या छपराखाली नेम टिकतो, हे त्या बाईने करून दाखवले होते. नेम राखायला शिवाशिवीची गरज नाही, हेच ते.

आपल्या संप्रदायाला तर हे नवे नाही. नाथांनी पितरांसाठी रांधलेले अन्न कुणाच्या मुखी घातले, आणि ते कुणाच्या घरी जेवायला गेले, या कथा आपण कीर्तनात डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. चोखोबांची समाधी नामदेव पायरीजवळ आहे, तिथे माथा टेकतो. तरी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा हरिजनांना विठोबाचे दार उघडले. कथा ऐकून पाणी आलेले तेच डोळे घरच्या कोनाड्याकडे वळत नाहीत, ही आपली खरी अडचण आहे.

तेव्हा या प्रवासातून आम्हाला जे उमगले ते इतकेच. किळस, नेम आणि तिरस्कार या तीन गोष्टी एकाच ताटात वाढलेल्या असतात, म्हणून त्या एकच वाटतात. किळस शरीराची सवय आहे. ती आली तर लाजू नये, पण तिला धर्म म्हणून मिरवूही नये. नेम हा आपला शब्द आहे. तो आपल्या हाताला आणि आपल्या मुखाला बांधतो, तेवढाच. तो प्राण गेला तरी राखावा. तिरस्कार मात्र दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला असतो. मी हे खाणार नाही, येथे नेम संपतो. तू हे खातोस म्हणून हलका, येथून अहंकार सुरू होतो. माळ आपल्या गळ्यात घालायची आहे, दुसऱ्याला मोजायला नव्हे.

कुणी म्हणेल, मग नेमाला अर्थ काय उरला, सारेच सारखे म्हटले तर खाऊन टाकायला काय हरकत? तसे नव्हे. नेम सैल झाला असता तर त्या म्हातारीचे जेवण आमच्या वाट्याला आले नसते. आम्ही ठाम राहिलो आणि खरे बोललो, म्हणून तिला आपले चांगले ते पुढे करता आले. ठामपणा आणि नम्रता यांचे वैर नाही. वारीत आपण हे रोज करतो. शेगावची पालखी आमच्या तालुक्यातून जाते तेव्हा वारकरी दारात येतो, मिळेल ते पिठले-भाकरी घेतो. वाढणाऱ्याची जात तो पुसत नाही, आणि नको ते अन्न असेल तर हात जोडून "माउली, हे चालत नाही" म्हणतो. दोन्ही एकाच तोंडाने. एवढे पंढरीच्या वाटेवर जमते, ते दुकानाच्या ओट्यावर का जमू नये?

माघी वारीला आबा पंढरपुरास गेले आणि माळ पुन्हा गळ्यात घालून आले. आम्ही तो पेला कोनाड्यातून काढला. आता चहा सगळ्यांना एकाच ट्रेमधल्या पेल्यांतून दिला जातो, आणि धुणारा मुलगा सारे एकत्र धुतो. हे काही मोठे काम झाले असे नव्हे. फार उशिरा झाले, इतकेच खरे. हमालांपैकी कुणी एका शब्दाने बोलले नाही. त्यांतले एक म्हातारे बाबा मात्र चहा आला की अजूनही आधी त्या रिकाम्या कोनाड्याकडे हात नेतात, मग थबकतात. त्यांचा तो हात पाहिला की आमची मान खाली जाते. तीन दिवसांच्या अजाणत्या घोटांसाठी आबांनी माळ उतरवली होती. इतक्या वर्षांच्या जाणत्या पेल्यासाठी आम्ही काय उतरवावे, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

रामकृष्णहरि.